कुर्त्याची उलटी बाजू

उन्हं तापायला लागली की आमच्या नायगावच्या बसस्टँडवर गाद्या दिसू लागतात. सुतळीनं आवळलेली गादी, तिच्यावर स्टीलचे डबे, एक बादली, पुस्तकांची पिशवी, आणि शेजारी घाम पुसत उभी असलेली एक आई. पोर जरा लांब, ह्या सामानाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. सगळ्या लातूरला चाललेल्या असतात. बारावीचे पेपर आणि मग डॉक्टरकीची मोठी परीक्षा होईपर्यंत पोर एकटी राहू नये, तिला गरम खायला मिळावं, म्हणून आया घरदार नवऱ्यावर टाकून तिथं खोली करतात. माघारी नवरे खिचडी शिजवायला शिकतात, तेवढाच त्या शिक्षणाचा खात्रीचा निकाल.

गेल्या आठवड्यात अशीच एक आई पोरीला घेऊन माझ्याकडे आली. पाच कुर्ते शिवायचे होते. "काकू, जरा ढिले ठेवा," ती म्हणाली, "तिथं बसून बसून अंग सुटतं म्हणतेत." मी गळ्यातली टेप काढली, पोरीच्या कमरेभोवती नेली आणि माझा हात थांबला. तीस वर्षं बायकांची मापं घेतेय मी. कुणाचं पोट आत ओढून धरलंय आणि कुणी श्वास रोखलाय हे मला न बघता कळतं. तरी त्या पोरीसमोर मी टेप धरून नुसती उभी राहिले. तिच्या आईला वाटलं चष्मा विसरले असेन.

बारा वर्षं झाली, पण ती लातूरची खोली अजून अंगावर येते. दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर घेणारी, खाली शहाबादी फरशी, एक खिडकी आणि खिडकीत गज. आमच्या गल्लीत चौदा घरं होती आणि चौदाही घरांत भाड्याची पोरं. सकाळी अकराला एकदम सगळ्या खोल्यांतून फोडणीचा वास उठायचा. जिन्यावर डबे, दोरीवर टॉवेल, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आणि प्रत्येक आईच्या तोंडी एकच प्रश्न, "किती पडले?" दर रविवारी क्लासमध्ये टेस्ट व्हायची. माझी रेणुका, आम्ही तिला रेणू म्हणतो, फेब्रुवारीपासून एका आकड्यावर अडकली होती. रविवार यायचा, तोच आकडा. पुढचा रविवार, दोन मार्क वर किंवा दोन खाली. तिची मान खाली, माझं तोंड एवढंसं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्या डोक्यात तिच्या आकड्यापेक्षा माझाच आकडा जास्त होता. त्याची गोष्ट अशी. पायानं मशीन मारून माझे गुडघे धरले होते, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. मी उतरवलं. वर्षभरात चांगलं उतरवलं, गुडघे मोकळे झाले, आणि डॉक्टर म्हणाले, "ताई, आता पुरे. तुमच्या उंचीला हे अगदी बरोबर हाय. आता फक्त सांभाळा." आता सांभाळण्यात काय मजा? उतरणाऱ्या काट्याची चटक भारी वाईट. येईल जाईल त्यानं "अगं बाई, किती बारीक झालीस," म्हणावं आणि आपण लाजल्यासारखं करावं, हे मला चाळिशीत पहिल्यांदा मिळत होतं. मी ठरवलं, अजून थोडं. किती, ते ठरवलं नाही.

आणि तिथंच काटा रुसला. लातूरच्या खोलीत दाराजवळ मी वजनकाटा ठेवला होता. सकाळी उठले की पहिला पाय फरशीवर आणि दुसरा काट्यावर. एक आठवडा झाला, पंधरा दिवस झाले, महिना झाला, काटा जागचा हलायला तयार नाही. मी सोमवार धरले. मग गुरुवार धरले. देवाच्या नावानं धरलेले असले तरी देवाला ठाऊक होतं ते कुणासाठी आहेत. काटा कोपऱ्यात नेऊन ठेवला, फरशी वरखाली असेल म्हणून खाली वर्तमानपत्र घालून पाहिलं. रेणू अभ्यासातून मान वर करून बघायची. मी तिला सांगत राहायचे, "बघ ना, कालपासून काही खाल्लं न्हाई तरी तिथंच." दुसरं ऐकायला त्या खोलीत होतंच कोण? दिवसातून चार वेळा मी त्या काट्याची तक्रार तिच्याजवळ केली असेल. एकदा तिला म्हटलंही, "तुझाबी घेर वाढून राहिलाय बरं का, बसून बसून." शिंप्याच्या घरात घेर, उंची, छाती हे शब्द पोळीभाजीसारखे असतात. मी म्हटलं आणि विसरले.

सकाळी आम्ही पाचसहा आया जवळच्या मैदानावर चालायला जायचो. त्यात बिलोलीच्या शबाना भाभी होत्या. त्यांचा मुलगा रेणूच्याच क्लासला. भाभी चालण्यापेक्षा बोलायच्या जास्त आणि बोलण्यापेक्षा हसायच्या जास्त. माझ्या अडकलेल्या काट्याची त्यांना गंमत वाटायची. "ताई, तुमच्यात काढायला उरलंय काय? हाडं काढून ठेवायची हायत का?" मी रागवायचे. मग त्या हात धरून म्हणायच्या, "जाऊ द्या हो. काटा शाना हाय, तुमच्यापेक्षा."

फाल्गुन लागता लागता रेणू एक दिवस म्हणाली, "आई, मी भात सोडलाय. देवीला बोललेय. निकाल लागेपर्यंत न्हाई खायची." मला इतकं भरून आलं. आमच्याकडे हे नवं नाही. माझ्या सासऱ्यांनी नोकरीसाठी चार वर्षं चहा सोडला होता, नणंदेनं लेकरासाठी गूळ. पोरीनं आपल्या आपण नवस बोलावा, कुणी न सांगता, मला वाटलं संस्कार म्हणतात ते हेच. मैदानावर जाऊन मी सगळ्यांना सांगितलं. मग पंधरा दिवसांनी तिनं संध्याकाळची भाकरीही नवसात घातली. मी तेही सांगितलं. एकदोन आयांनी आपापल्या पोरांना तिचं उदाहरण दिलं म्हणे.

शबाना भाभींनी मात्र दिलं नाही. दोन दिवसांनी चालता चालता म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. ह्या उन्हात पोरगी पूर्ण बाह्यांचं घालून राहिली. परवा जिन्यात भेटली तर रेलिंग धरून उभी होती. जरा बघा."

मी फटकन म्हटलं, "भाभी, शिंपिणीला शिकवता का? माझी पोर वाळली असती तर कपडे लोंबले असते. तिचे सगळे कुर्ते मी शिवलेत. अंगावर कसे बसतेत ते रोज बघते मी. एक सूत ढिलं न्हाई."

आणि ते खरंच होतं. मी रोज बघत होते. माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी शिलाईवर जाते, हा माझा धंद्याचा दोष. काखेत चुणी पडलीय का, कमरेला कापड सुटलंय का, खांदा उतरलाय का. रेणूच्या कुर्त्यांना काही म्हणजे काही नव्हतं. त्या दिवशी भाभींनी पुढच्या दोन चकरा माझ्या पुढे पुढे मारल्या.

एप्रिल उतरत आला होता. परीक्षेला आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी मी काट्यावर उभी राहिले आणि काटा हलला. आधी खरं वाटेना. उतरले, पुन्हा चढले. हललाच होता, डावीकडे, चांगला दिसेल इतका. दोन महिन्यांनी. मला टाळी वाजवावीशी वाटली. रेणू वेणी घालत होती, तिला म्हटलं, "अगं हलला बघ एकदाचा." ती हसली आणि म्हणाली, "व्हय? बरं झालं." मैदानावर मी सगळ्यांना उसाचा रस पाजला. रस मी स्वतः घेतला नाही.

रेणू क्लासला गेली. मला काम सुचत नव्हतं. माझं हातमशीन मी लातूरला घेऊन गेले होते, गल्लीतल्या आयांचं अल्टर करून द्यायला. म्हटलं आज आपलंच ब्लाउज आवळावं, शकुनाचं. ते आवळून झालं. दोरीवर रेणूचा पिवळा कुर्ता वाळला होता, त्याचं एक बटण लोंबत होतं. म्हटलं लगे हात तेही लावावं. बटण लावलं आणि गाठ मारायला कुर्ता उलटा केला.

बाजूच्या शिलाईला चार टिपा होत्या.

मी एकच मारली होती. तिची आता फक्त भोकं उरली होती, उसवलेल्या दोऱ्याची बारीक भोकं, एका रांगेत. तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी टीप, तीही उसवलेली. तिच्या आत तिसरी. आणि अगदी आत चौथी, काळ्या दोऱ्याची, कारण मशीनला मी काळा दोरा लावून ठेवला होता. पिवळ्या कापडावर काळी टीप, सुलट बाजूनं अजिबात न दिसणारी. मला आजही सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की टीप काय सरळ आलीय. मीच शिकवली होती तिला, सातवीच्या उन्हाळ्यात. पुढचं कळायला काही क्षण गेले. मग मी पेटी उघडली. तिचे बाकीचे चार कुर्ते काढले, चारही उलटे केले. पाचही कुर्त्यांना दोन्ही बाजूंना टिपांच्या रांगा होत्या, आणि आतल्या आत साठत गेलेलं कापड, एकेका बाजूला चार चार बोटं. कोणती टीप कधीची हे मी दोऱ्यांच्या रंगावरून ओळखलं. निळा दोरा मी होळीच्या आसपास लावला होता. मी सकाळी मैदानावर चकरा मारत होते, तेव्हा माझी पोर मशीनवर बसून स्वतःला आत घेत होती.

बाहेर अंगाची लाही होत होती. सगळ्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी कुर्ते मांडीवर घेऊन फरशीवर बसले.

मला सुभद्रा मावशी आठवली. माझं माहेर लातूरकडच्याच एका खेड्यातलं. भूकंप झाला त्या साली माझं लग्न व्हायचं होतं. मावशी किल्लारीच्या अंगाला दिली होती. तिचं घर, नवरा, दोन्ही लेकरं मातीत गेली आणि ती तेवढी निघाली. वडिलांनी तिला आमच्याकडे आणलं. तेव्हा छपराखाली जायची कुणाची छाती नव्हती, आम्हीही मोकळ्या जागेत ताडपत्री बांधून राहत होतो. मावशी रडत नव्हती, बोलत नव्हती, आणि घास घशाखाली उतरू देत नव्हती. आई तिच्या तोंडात भात घालायची, ती तो गालात धरून बसायची. अंगावरचं सगळं लोंबायला लागलं. बघणाऱ्यांना भीती वाटायची म्हणून आईनं मला तिची पोलकी आवळायला सांगितली. मी तेव्हा नवीच शिकत होते. दर आठवड्याला थोडं आवळायचं. मी आवळत गेले, मावशी बरी दिसत गेली. आल्यागेल्याला वाटायचं, सावरतेय. ती सावरली नाही. म्हणजे उपाशी माणूस कपड्याच्या आत कसं लपतं, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि मी शबाना भाभींना म्हणाले होते, एक सूत ढिलं न्हाई.

दीडच्या सुमाराला रेणू आली. दारात चपला काढताना तिनं चौकट धरली. मी पहिल्यांदा तिचा हात बघितला, मनगट, बोटं. कपडा न बघता तिला बघितलं. तिची नजर माझ्या मांडीवरच्या कुर्त्यांवर गेली आणि ती दारातच थांबली.

"काय हाय हे?" मी विचारलं.

"टाइट केलेत."

"कशापायी?"

"ढिले झाले असते तर तुला कळलं असतं."

इतक्या सरळ आवाजात. वहीत काय लिहिलंय ते सांगावं तसं. मी म्हटलं, "आन् नवस? देवीचा नवस बोलली होतीस ना तू?"

ती खाली बसली, भिंतीला टेकून. "आई, तुझे सोमवार कशाचे होते?"

मी मांडीवरच्या कुर्त्याची घडी घालायला लागले. ती म्हणाली, "मार्क हलत नव्हते. काही केलं तरी हलत नव्हते. तू न्हाईस तेव्हा मी काट्यावर उभी राहत होते. तो हलत होता. दर आठवड्याला हलत होता. एक तरी आकडा माझं ऐकून राहिला होता."

"अगं पण तुला काय गरज होती? तुझं वजन बरोबर होतं, रेणू."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मला वाटतं तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुझंबी बरोबर होतं ना? डॉक्टर म्हणले होते ना तुला, पुरे आता? मग तू दोन महिने कशासाठी रडलीस? बरोबर असलेलंबी कमी करायचं असतंय, तर मग थांबायचं कुठं? तू सांग ना. बरोबर म्हंजी किती?"

मी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान काही केलंसं झालं असतं. डॉक्टरांनी आकडा सांगितला होता, तो तोंडपाठ होता, पण तो सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी स्वतःच त्या आकड्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मी हाक मारली तशी शबाना भाभींनी रिक्षा आणली. त्यांनी एक शब्द विचारला नाही, माझ्या आदल्या बोलण्याचा एक शब्द काढला नाही. रेणूला मधे बसवलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, नाडी धरली, पुन्हा धरली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला आज इथंच ठेवावं लागेल." मी म्हटलं, "बाई, पुढच्या रविवारी परीक्षा हाय." हे मी म्हटलं. ती तिथं खाटेवर होती आणि माझ्या तोंडून हे निघालं. बाई म्हणाल्या, "परीक्षा पुढच्या वर्षीबी असते." ते मी आजपर्यंत विसरले नाही.

त्या वर्षी रेणूनं परीक्षा दिली नाही. हे आले, सामान बांधलं. बाकीच्या आया जिन्यात उभ्या होत्या, त्यांना कळेना. परीक्षा तोंडावर आणि ह्या माघारी निघाल्या? कुणी म्हणालं टायफॉइड असेल, आम्ही हो म्हटलं. वजनकाटा मी मुद्दाम खोलीतच सोडला. पुढं कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की तो फोडायला हवा होता. पुढच्या वर्षी त्या खोलीत दुसरी आई आली असेल, दुसरी पोर.

आमच्याकडे पोरगी घरी आली, दोन महिन्यांत धष्टपुष्ट झाली, अशा गोष्टी सांगायची पद्धत आहे. तसं काही झालं नाही. दोन वर्षं लागली. नांदेडला दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे जायचं. वरणभाताची वाटी समोर घेऊन ती तास तास बसायची, डोळ्यांतून पाणी यायचं, हात वाटीपर्यंत जायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्ही शेजारी बसून तेवढंच खा, तिच्या देखत. ह्यांना वाटलं त्यात काय अवघड. मला अवघड होतं. एखाद्या सकाळी माझंच पोलकं दंडाला आवळायचं आणि मला वाटायचं, आज नको जेवायला. पोर समोर वाळून राहिली असताना सुद्धा. ह्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही. पण मी खाल्लं. ती खायला लागली. कधी भांडून, कधी टाकून, कधी एकदम एखाद्या दिवशी "आई, आणखी हाय का?" म्हणून. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

पुढं तिनं फिजिओथेरपी केली. नांदेडलाच लग्न झालं, जावई शांत स्वभावाचा आहे. लोकांचे मोडलेले गुडघे ती चालते करते. माझ्याशी हसते, बोलते, माझ्या हातच्या शेंगाच्या चटणीसाठी अजून फोन करते. मला वाटायचं, ते लातूरचं तिच्या मनातून गेलं असेल. आम्ही कधी त्याविषयी बोललो नाही. विषय निघाला नाही म्हणजे मिटला, असं आपण धरून चालतो.

गेल्या महिन्यात ती बाळंत झाली. मुलगी. आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो, विहीणबाई, जावई, हे. नर्स बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात आली. अशा वेळी सगळे विचारतात तेच विहीणबाईंनी विचारलं, "किती भरली?" नर्सनं हसून तोंड उघडलं. आणि आतून, खाटेवरून, माझ्या लेकीचा थकलेला आवाज आला.

"सिस्टर, वजन माझ्या आईला सांगू नका."

रागानं नाही. चहात साखर घालू नका म्हणावं इतक्या सहज. सगळे हसले, बाळंतिणीचं काहीतरी म्हणून. मी हसले नाही. नर्स माझ्याकडे बघायला लागली, हिला सांगू की नको अशी. मी म्हटलं, "ती म्हणतेय तसंच करा."

मग नर्सनं बाळ माझ्या हातात दिलं. कापडाचा तागा उचलला तरी मीटर सांगणारे हात माझे. पण त्या दिवशी ती पोर हलकी होती की जड, मला काही सांगता आलं नसतं. मी दुपट्याची शिवण न बघता तिचा चेहरा बघत होते.